टिटवीचा एक तास

प्रिय ढब्बू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. आजी जिवंत आहे, आणि नुसती जिवंत नाही, चांगली टुणटुणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझी दोन वाक्यं ऐकतोस आणि तिसऱ्याला "आजी, मीटिंग आहे" म्हणतोस. पायाने चेंडू मारणाऱ्या माणसाला एवढ्या मीटिंगा कसल्या असतात, देव जाणे. कागद बरा, तो मध्येच उठून जात नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, त्यातलीही चौथी अर्धीच, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. तुझ्या इंग्रजी मुलाखती मी ऐकते, मी काही बोलते का?

आधी आनंदाची बातमी. माझ्या डोळ्याला आता लख्ख दिसतं. आत्याकडे राहून ऑपरेशन करून आले त्याला बरेच दिवस झाले, पण नवलाई अजून संपत नाही. जगाला कोणीतरी नवीन रंग दिलाय असं वाटतं. आपल्या माळ्यावर किती जाळी आहेत ते कळलं. शेजारची शिंपीणबाई गोरी नाही, पावडर लावते, हेही मला या वयात कळलं. ती समोर आली की मला हसू आवरत नाही आणि तिला वाटतं मी तिच्यावर खूश आहे. दिसायला लागण्याचा तोटा एवढाच, की टीव्हीवर तूही नीट दिसायला लागलास. त्या शाम्पूच्या जाहिरातीत तू केस उडवतोस ना, ते बघून मी हातातली भाजी खाली ठेवली. तुझ्या आजोबांना टक्कल होतं, बाबाला टक्कल पडलं. किती दिवस उडवशील ते उडवून घे.

आता दुसरी बातमी. तुझ्या बहिणीचा, टिटवीचा, गुडघा दुखतोय म्हणून ती धावत नाही, असं तुला सांगितलंय ना? खोटं आहे ते. गुडघा तिचा लोखंडाचा आहे. तिला धावायला बंदी केलीय. खेळाडू ताकदीची औषधं घेतात का ते बघणारे तपासणीवाले असतात ना, त्यांना वर्षभरात तीनदा ती ठरल्या जागी सापडली नाही, म्हणून. येत्या शुक्रवारी तिची सुनावणी आहे. तिथे तिचं म्हणणं पटलं नाही तर दोन वर्षं तिला कुठल्याच शर्यतीत उभं राहता येणार नाही. दोन वर्षांत तिच्या जागी दुसऱ्या चारजणी येतील, आणि आठशे मीटर धावणाऱ्या पोरीची उमेदीची वर्षं काही फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत. घाबरू नकोस, तिने काही घेतलंबितलं नाही. ती तर माझ्या हातचा खोकल्याचा काढासुद्धा घेत नाही, आधी त्यात काय काय आहे ते विचारते. मी म्हणते, अगं, त्यात प्रेम आहे. ती म्हणते, आजी, ते यादीत नाही, पण बाकीचं सांग.

तुला हे सगळं कदाचित माहीतच नसेल, म्हणून सांगते. तुझी बहीण रोज उद्या कुठे असणार ते फोनमध्ये भरून देते. झोपणार कुठे, पळणार कुठे, आणि दिवसातला एक तास असा, की त्या वेळी ती अमुक ठिकाणी असणार म्हणजे असणारच. तिने सकाळचा सहा ते सात हा तास धरलाय. त्या तासात कोणीही, कधीही, न सांगता दार वाजवू शकतं. ऊन असो, ताप असो, कोणी मेलेलं असो. सासू बरी म्हणायची पाळी. आले की त्यातली बाई तिच्याबरोबर मोरीत जाते आणि डोळ्यांदेखत लघवी करून घेते. पहिल्यांदा मी लाजेने अर्धी झाले. मी म्हटलं, बाई, आम्ही पोरीला वाढवलं ते काय असं कोणी बघायला म्हणून? ती बाई बिचारी म्हणाली, आजी, मलाही काही हौस नाही. आता तिची नि माझी चांगली गट्टी आहे. एकदा टिटवीला लागेचना, तर आम्ही दोघींनी सोफ्यावर बसून त्या बाईच्या जावेच्या कागाळ्या पार शेवटापर्यंत केल्या. टिटवी पाण्याची बाटली घेऊन घरभर फेऱ्या घालतेय आणि मी ओरडतेय, सावकाश गं, अजून नणंद राहिलीय!

बाटल्यांना सील, सीलवर नंबर. कोणी भरल्या, कोणी बघितलं, सगळ्यांच्या सह्या. सोनं गहाण ठेवताना होत नाही एवढी लिखापढी, कशाची तर लघवीची! पण टिटवी कधी कुरकुरली नाही. म्हणते, आजी, मी स्वच्छ आहे हे सांगायची माझी हीच एक जागा आहे.

आणि तुमच्याकडे? गेल्या वर्षी तू मला कौतुकाने क्लब दाखवायला नेलंस. तो गुळगुळीत फरशीचा दिवाणखाना, त्या फुगीर खुर्च्या, ते कपाटभर कप. तिथे तपासणीवाला बसला होता, आठवतं? मला आधी वाटलं नवरदेवाकडचा कोणी आहे. पुढ्यात केकची बशी, कॉफी, थंडगार पाणी. आदल्या दिवशीच त्याने फोन करून कळवलं होतं म्हणे, उद्या येतो. मॅनेजर आला नि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, साहेब, आज पोरं दमलीत, उद्या सकाळी ठेवू या का. साहेब हसला, केकचा तुकडा संपवला आणि गेला. तुम्ही सगळे खो खो हसलात. तू मला कानात म्हणालास, आजी, आमच्या मॅनेजरला जमतं सगळं. मीही हसले. मला काय ठाऊक, हा तमाशा आहे ते! चोराला आदल्या दिवशी सांगून झडती घ्यायची, आणि वर चोराने चहापाणी विचारायचं.

मी टिटवीच्या वकीलबाईंना विचारलं, एकाच देशात दोन न्याय कसे. बाई हुशार आहे, सावकाश सांगते. म्हणाली, धावणाऱ्यांना जगभर एकच नियम आहे आणि तो त्यांना कोणी विचारून केलेला नाही. तुमच्या लीगचं तसं नाही. तिथे खेळाडूंची संघटना आणि मालक समोरासमोर बसून ठरवतात, तपासणी किती वेळा, कुठे, सुट्टीच्या दिवसांत करायची की नाही, सापडला तर किती सामने. म्हणजे उंदरांनी आणि मांजराने मिळून घंटेचा भाव ठरवला! मी एवढी हसले की वकीलबाईंच्या कारकुनाने पाणी आणून दिलं.

तुमचा तो बचाव फळीतला रेडा, ज्याचे खांदे एका सुट्टीत कलिंगडासारखे फुगले, तो सापडला होता ना? काय झालं त्याला? थोडे सामने बाहेर. "वैयक्तिक कारणाने विश्रांती" असं छापून आलं. परत आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, जणू लढाईवरून आलाय. बायकोने गळ्यात पडून फोटो काढला. आणि टिटवीच्या मैदानावरची ती अडथळ्यांच्या शर्यतीतली मुलगी? सर्दीचं औषध दुकानातून आणलं, नाव वाचलं नाही, बास. चार दिवस टीव्हीवर तिचा चेहरा, खाली लाल अक्षरं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तिच्या वडिलांनी मैदानाच्या बाजूची वाट सोडली, आता लांबच्या रस्त्याने कामावर जातात. दोघांच्या अंगात गेलेलं एकाच बंदीच्या यादीतलं. पण तो कोटीचा, ती कवडीची. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं आहे. रेड्याची तिकिटं विकली जातात, पोरीची नाहीत. जिथे तिकीट विकतं तिथे पाप झाकतं, एवढाच काय तो नियम. बाकी तुमच्या क्लबच्या भिंतीवर "खेळभावना" असं हातभर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते कशाला लिहिलंय हे कोणी मला समजावून सांगावं. ज्याच्या घरात असतं तो भिंतीवर लिहीत नाही.

तुझ्या अंगात काही आहे असं मी म्हणत नाही हां. तुला मी ओळखते. तुला लहानपणी गोळी मधात लपवून द्यावी लागायची, तरी थुंकायचास. तू वाईट नाहीस, ढब्बू. तू लाडावलेला आहेस, आणि ते वाईटाहून वाईट. वाईट माणसाला आपण काय केलं ते ठाऊक तरी असतं.

टिटवीचं सांगायचं राहिलं. बंदी आहे म्हणून स्टेडियमचं फाटक तिला बंद आहे. तिच्या सरांना तिला शिकवायची मनाई. बिचारे सर, आपल्या गल्लीच्या टोकाला पेपर वाचत उभे राहतात आणि ती समोरून पळत गेली की पेपराच्या आडून खोकतात. एकदा खोकले तर चाल चांगली, दोनदा खोकले तर खांदे वर आलेत. परवा सरांना खरंच खोकला झाला होता, पोरगी बिचारी खांदे पाडून पाडून थकली! ती कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर पळते. मी तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसते, तिची बाटली मांडीत घट्ट धरून, कारण ती बाटली नजरेआड गेली तर पोरगी त्यातलं पाणी पीत नाही, ओतून टाकते. आता मला लांबून दिसते ना ती येताना. आधी एक ठिपका, मग पाय, मग ते नाकपुड्या फुलवत श्वास घेणं. तुला सांगते, असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. एवढी वर्षं माझ्या घरात राहते आणि मला धूसर दिसायची. तिला म्हटलं, तू तर उडतेस गं! तर म्हणते, आजी, शर्यत कुठाय आता. मी म्हटलं, शर्यत गेली चुलीत, मला दिसतेयस ना! तेव्हा हसली. हसली तशी कठड्यावर बसून रडली.

आता त्या तीन वेळांचं सांगते, म्हणजे तुला नीट कळेल. पहिल्यांदा ती शिबिराहून येत होती, बस रस्त्यात बंद पडली आणि फोनची बॅटरी संपली. तो तिचा दोष, तिने मानला. दुसऱ्यांदा सरांच्या वडिलांना दवाखान्यात नेलं त्या रात्री ही तिथेच थांबली आणि फोनमध्ये जागा बदलायची विसरली. तोही तिनेच मानला. त्यानंतर ती त्या तासाला एवढी जपायची, की सहाला पाच कमी असताना खुर्ची घेऊन दाराशी बसायची, देवळातल्या पुजाऱ्यासारखी. तिसऱ्या वेळी मात्र ती घरातच होती. आपल्याच घरात, आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर. आणि तरी तपासणीवाल्यांच्या कागदावर लिहिलंय, की दारात आलेल्या एका तरुण माणसाने सांगितलं, ती बाहेरगावी गेलीय, दोन दिवसांनी या.

मी तेव्हा आत्याकडे होते, डोळ्याला पट्टी. घरात तुम्ही दोघंच. तुझी सुट्टी सुरू झाली होती. ती आदल्या रात्री बाहेरची शर्यत करून उशिरा आली होती, ताप होता तिला. पहाटेचा गजर तिने लावला होता. तू लाडक्या भावासारखा उठलास, गजर बंद केलास, तिचा फोनही बंद केलास, खोलीचं दार ओढून घेतलंस. मग दार वाजलं. तू अर्ध्या चड्डीत जाऊन उघडलंस. बाहेर एक गृहस्थ, एक बाई, हातात पेटी. तू त्यांना तुमच्या मॅनेजरसारखा हसून म्हणालास, बाहेरगावी गेलीय, दोन दिवसांनी या. तुझ्या जगात तेवढंच असतं ना? आज नको, उद्या या. बापड्यांनी तास संपेपर्यंत बाहेर गाडीत वाट बघितली, पुन्हा बेल वाजवली, शेवटी फोन लावला. फोन बंद. तू आत कानाला ते हेडफोन लावून व्यायाम करत होतास. ती उठल्यावर तुला विचारलं, दादा, कोणी आलं होतं का? तू म्हणालास, छे, कोण येतंय.

हे सगळं मला कोणी सांगितलं? तूच. मी घरी परत आल्यावर फोनवर, खिदळत. आजी, ते टिटवीचे लघवीवाले आले होते, कसे कटवले विचार! माझा फोन तेव्हा मोठ्या आवाजावर होता, कारण तुझं पुटपुटणं मला ऐकू येत नाही. टिटवी समोर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. तिसऱ्या चुकीचं पत्र तिला त्याच्या आदल्याच दिवशी आलं होतं, आणि असं कसं झालं म्हणून पोरगी वेड लागल्यासारखी घरभर फिरत होती. तिने ऐकलं. नाडी हातातच राहिली. मग तिने उठून माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि तू तिकडे हसतच होतास.

आता हे पत्र का, ते ऐक. सुनावणीवाल्यांनी तिला आधीच लेखी विचारलं, दारातला तो तरुण कोण होता. तिने लिहून दिलं, मला माहीत नाही. ढब्बू, तुझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं आणि ते तुझ्यासाठी. कारण पुढच्या महिन्यात तू नव्या क्लबच्या करारावर सही करणार आहेस, आणि तपासणीवाल्यांना दारातून परत घालवलं हा गुन्हा आहे, आणि तुझ्या नावाशेजारी तो शब्द एकदा छापून आला की मालक बिथरतील. मला म्हणते, आजी, दादाचा खेळ लाखो लोक बघतात, माझा बघणारे सर आणि तू. त्याला कळू द्यायचं नाही, माझी शपथ आहे. वकीलबाई डोकं धरून बसल्यात; त्या म्हणतात, त्या तरुणाने येऊन सांगितलं तर पोरगी सुटायची आशा आहे, आणि न सांगितलं तर ती लपवतेय असंच सगळ्यांना वाटणार. मी दारात नव्हते, म्हणून माझ्या सांगण्याला वजन कमी. पण कमी असलं तरी मी ते टाकणार आहे. शपथ मोडल्याचं पाप लागलं तर या वयात मला काय फरक पडतो? शुक्रवारी सकाळी मी नवीन चष्मा लावून त्या खोलीत जाणार, आणि त्यांनी विचारलं की उभी राहून सांगणार, तो तरुण माझा नातू. लहानपणापासून तुझं नाव मी चारचौघांत मोठ्याने, कौतुकाने घेत आले. त्या खोलीत ते मला घ्यायला लावू नकोस. माझ्या आधी ये आणि तूच घे.

अजून तरी तुझीच,
आजी